पंखे, औद्योगिक : पात्यांचा कोन व सुरक्षित आरंभण

कारखाना, खाण किंवा विद्युत् केंद्र यांमध्ये हवा अथवा वायू मोठ्या प्रमाणावर आणि ठराविक दाबाने हलविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या, यांत्रिक शक्तीने फिरणाऱ्या साधनास औद्योगिक पंखा म्हणतात. घरगुती पंख्याची पाती तयार होतानाच कायमची वाकविलेली असतात. मोठ्या अक्षीय पंख्यांची पाती मात्र मध्यभागीच्या तुंब्यात पकडींनी आवळून बसविलेली असून पकड सैल करून त्यांचा कोन बदलता येतो. पंखा किती हवा हलवील आणि त्यासाठी चलित्राकडून किती शक्ती घेईल, हे याच कोनावर अवलंबून असते. कोन बदलण्याची सोय झाली तेव्हा आखणी-कक्षात होणारा एक निर्णय प्रत्यक्ष जागेवरील जोडाऱ्याच्या हाती आला. त्याबरोबरच माणसाला पात्यांच्या मार्गात उभे राहून काम करावे लागू लागले. पंखा सुरू करण्याच्या आजच्या पद्धती व नियम यांचे मूळ बहुतांशी याच दोन गोष्टींत आहे. पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड आणि त्यापुढील चाकण हा औद्योगिक पट्टा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण औषधनिर्मितीपासून मोटारीच्या रंगकामापर्यंत पंख्याचे बहुतेक सर्व उपयोग तेथे सु. सात दशकांच्या अवधीत एकामागून एक येत गेले.

औद्योगिक पंख्यांचे केंद्रोत्सारी आणि अक्षीय असे दोन मुख्य प्रकार आहेत. केंद्रोत्सारी पंख्यात हवा मध्यातून आत येते आणि परिघाकडे फेकली जाते. अक्षीय पंख्यात ती दंडाला समांतर अशी सरळ पुढे जाते. पहिला प्रकार अधिक दाबासाठी आणि दुसरा अधिक घनफळासाठी सोयीचा असतो. दोन्हींना लागू असलेल्या नियमांनुसार हवेचे घनफळ फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेरे एक-दशांशाने वाढविले, तर शक्ती सु. एक-तृतीयांशाने वाढते. पट्ट्याने चालणाऱ्या पंख्याची कप्पी ‘थोडी हवा वाढावी’ म्हणून बदलल्यावर चलित्र जळते, त्याचे कारण हेच.

पूर्वेतिहास : आग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात लाकडी पेटीत फिरणाऱ्या पंख्यांची चित्रे आहेत. जे. टी. डेझाग्युलिअर्स यांनी १७३६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या सभागृहासाठी हाताने फिरवावयाचा केंद्रोत्सारी पंखा बसविला. बेल्जियमचे तेओफील गीबाल यांनी १८६० च्या सुमारास खाणींसाठी बंद आवरण व रुंदावत जाणारे धुरांडे असलेला प्रचंड पंखा प्रचारात आणला. यानंतरच्या महत्त्वाच्या सुधारणेचे बीज भारतात पडले होते. सॅम्युएल डेव्हिडसन हा आयरिश तरुण १८६४ मध्ये आसामातील काचार येथे चहाच्या मळ्यावर आला. चहाची पाने वाळविण्याच्या खटपटीतून त्याला उष्ण हवेच्या झोताचे तंत्र गवसले. पुढे त्याने बेलफास्ट येथे १८८१ मध्ये कारखाना काढला आणि १८९८ मध्ये पुढे वळलेल्या अनेक अरुंद पात्यांच्या ‘सिरोको’ पंख्याचे एकस्व घेतले. आजही असंख्य वायुवीजन यंत्रांत या पंख्याची वंशज असलेली चक्री फिरताना दिसते.

पात्याचा कोन बदलण्याची कल्पना पंख्यांच्या क्षेत्रात बाहेरून आली. पवनचक्क्यांच्या शिडांचा वाऱ्यापुढील पृष्ठभाग कमीजास्त करण्याच्या युक्त्या अठराव्या शतकातच निघाल्या होत्या. व्हिक्टर काप्लान यांनी १९१३ मध्ये फिरत्या पात्यांच्या जल टरबाइनाचे एकस्व मिळविले. जर्मनीतील गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल आणि त्यांचे सहकारी यांनी पंखाच्या छेदाभोवतीच्या प्रवाहाचे गणित मांडले, तर अमेरिकेत हॅमिल्टन स्टँडर्ड या संस्थेला कोन बदलता येणाऱ्या विमान-पंख्याबद्दल १९३३ चा कॉलियर पुरस्कार मिळाला. पाते म्हणजे केवळ हवा ढकलणारी फळी नसून तो फिरणारा पंख आहे, ही जाणीव रुजल्यावर अक्षीय पंख्यांची कार्यक्षमता वाढली. परंतु पंखाचा एक दोषही त्यांच्याकडे आला. कोन मर्यादेबाहेर वाढविला की, हवेचा प्रवाह पात्याच्या पाठीपासून सुटतो. दाब कोसळतो, पाते थरथरते आणि शक्ती मात्र खर्च होतच राहते. या स्थितीस प्रवाहभंग म्हणतात. ‘कोन वाढवा म्हणजे हवा वाढेल’ ही समजूत या मर्यादेपर्यंतच खरी आहे.

पिंपरी परिसर : पुण्याच्या वायव्येस मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गावर व लोहमार्गावर वसलेल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या शासकीय कंपनीची १९५४ मध्ये स्थापना झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालकनिधी यांचे साहाय्य या कारखान्याला लाभले होते. पेनिसिलिन ज्या किण्वनक्रियेने मिळते तीत सूक्ष्मजीव सतत उष्णता निर्माण करतात. द्रवाचे तापमान सु. २५° से.च्या आसपास न राखल्यास उत्पादन घटते. साहजिकच अशा उद्योगात शीतनाचे पाणी अहोरात्र लागते आणि ते थंड करणारा पंखा थांबला, तर नुकसान काही तासांतच दिसू लागते. थांबलेला पंखा घाईघाईने पुन्हा सुरू करण्याचा मोह अशा कारखान्यांत अधिक का असतो, हे यावरून समजेल.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड-भोसरी येथे आखीव औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. त्यासाठी पवना नदीचे पाणी रावेत येथून उचलण्यात आले. त्याच दशकात मोटारगाड्या, स्कूटर, धारवे यांचे मोठे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. कारखाने वाढले तसे पाणी एकदा वापरून सोडून देणे परवडेनासे झाले आणि तेच पाणी पुनःपुन्हा थंड करून वापरणारे शीतन मनोरे सर्वत्र दिसू लागले. नेदरलँड्सच्या फान इटर्सन यांनी १९१८ मध्ये बांधलेल्या कमरेशी निमुळत्या, पंख्याविना चालणाऱ्या प्रचंड मनोऱ्यांचे अनुकरण विद्युत् केंद्रांना शक्य होते. मर्यादित भूखंडावरील कारखान्याला मात्र माथ्यावर पंखा असलेला बुटका मनोराच सोयीचा ठरला.

ओतशाळांमधील झोतपंख्यांनी वेगळाच धडा दिला. कुपोला भट्टीचा झोत थांबला की, भट्टीतील कार्बन मोनॉक्साइड वायू उलट फिरून झोतपेटीत साचतो आणि पंखा पुन्हा सुरू करताच त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून झोत बंद होताच झोतनळ्यांची झाकणे उघडण्याचा प्रघात पडला. बाष्पित्रांच्या बाबतीत हेच तत्त्व ज्वलनापूर्वी पंखा चालवून भट्टी धुऊन काढण्याच्या नियमात दिसते. चिंचवड येथे बाष्पित्रे व तापक तयार करण्याचा उद्योग वाढला (वॅन्सन इंडिया या कंपनीने १९८० मध्ये थरमॅक्स हे नाव घेतले). अशा बाष्पित्रांत पंखा ठराविक वेळ चालल्याशिवाय ज्वालकाला इंधन मिळणार नाही अशी विद्युत् जोडणी करतात. येथे पंख्याचे आरंभण हीच साऱ्या संयंत्राच्या सुरक्षिततेची पहिली पायरी होय.

कोनाचे समायोजन : शीतन मनोऱ्याच्या माथ्यावरील पंख्याचा व्यास लहान मनोऱ्यात एक-दोन मी. पासून मोठ्या मनोऱ्यात ८ – १० मी. पर्यंत असतो. पात्याच्या टोकाचा वेग सामान्यतः दर सेकंदास सु. ६० मी.च्या आत ठेवतात. यामुळे ८·५ मी. व्यासाचा पंखा दर मिनिटास सु. १३५ फेऱ्यांहून अधिक वेगाने फिरवीत नाहीत आणि चलित्राचे १,५०० च्या जवळपासचे फेरे काटकोनी दंतचक्रपेटीने उतरवून घ्यावे लागतात. पाती प्रथम ओतीव ॲल्युमिनियमाची असत. पुढे काचतंतूंनी सबल केलेल्या प्लॅस्टिकाची पोकळ पाती आली. ती हलकी असल्याने दंतचक्रांवरील भार कमी झाला आणि छेद अधिक अचूक असल्याने विजेची बचत झाली.

कोन पात्याच्या टोकाजवळ, निर्मात्याने नेमून दिलेल्या ठिकाणी, पाणसळयुक्त कोनमापक ठेवून मोजतात. पाते मुळापासून टोकापर्यंत पिळलेले असल्यामुळे मापनाची जागा बदलली की, मापही बदलते. अनुभवी जोडारी सर्व पाती एकाच जागी फिरवून आणून मोजतो; मनोऱ्याभोवती स्वतः फिरत मोजत नाही. पंख्याचा दंड किंचित कलता असला, तर दुसऱ्या रीतीत तो कल प्रत्येक पात्याच्या मापात वेगळा मिसळतो आणि समान बसविलेली पाती असमान ठरतात. सर्व पात्यांचे कोन साधारणतः अर्ध्या अंशाच्या आत जुळावे लागतात. एकच पाते अधिक कललेले असले, तर ते शेजाऱ्यांहून अधिक हवा उचलते आणि तुंब्याला दर फेऱ्यात एक हिसका बसतो. पाती निर्मात्याकडून वजनाची जुळणी करून व क्रमांक घालून येत असल्याने त्यांची अदलाबदल करीत नाहीत. पकडीचे नट नेमून दिलेल्या पिळानेच आवळतात. अंदाजाने ‘घट्ट’ केलेला नट सैल नटाइतकाच वाईट असतो, कारण त्यामुळे बोल्ट ताणला जाऊन पुढे थकव्याने तुटतो. पंखा काही तास चालल्यावर हे नट पुन्हा तपासतात.

योग्य कोन कोणता, हे अखेर चलित्राच्या विद्युत् प्रवाहावरून ठरते. अंश-दोन अंशांच्या फरकानेही प्रवाह लक्षात येण्याइतका बदलतो. येथे पिंपरीचे भौगोलिक स्थान महत्त्वाचे ठरते. हा परिसर समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने हवा मुंबईपेक्षा सु. ६ टक्के विरळ असते. पंख्याला लागणारी शक्ती हवेच्या घनतेच्या प्रमाणात असते. त्यामुळे समुद्रसपाटीसाठी दिलेल्या कोनावर बसविलेला पंखा येथे कमी प्रवाह घेतो व चलित्रात शक्ती शिल्लक असल्याचे दिसते. पण हीच शिल्लक फसवी ठरू शकते. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांच्या आसपास असलेली हवा डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांच्या जवळ उतरते, तेव्हा ती सु. १० टक्क्यांनी दाट होते. उन्हाळ्यात प्रवाह पूर्ण भारापर्यंत नेऊन कोन आवळलेला वायुवीजन पंखा थंडीत पहाटेच्या पाळीला संरक्षक खटका पाडतो आणि दोष चलित्रावर जातो. मनोऱ्याच्या माथ्यावरील पंख्यातून पाण्यावरून आलेली उबदार, दमट हवा जात असल्याने तेथे हा फरक कमी असतो. तरीही दोन ऋतूंची नोंद पाहिल्याशिवाय कोन कायम करू नये, असा संकेत आहे.

विदर्भातील कोळसा खाणींत याच क्रियेला वेगळे कारण असते. बल्लारपूर-चंद्रपूर परिसरातील भूमिगत खाणींसारख्या ठिकाणी खोदाई लांबत जाते तसा हवेच्या मार्गातील रोध वाढतो. मुख्य वायुवीजन पंखा तोच राहतो व त्याच्या पात्यांचा कोन टप्प्याटप्प्याने बदलला जातो. मोठ्या विद्युत् केंद्रांतील बाष्पित्रांच्या काही पंख्यांत हे काम द्रवीय यंत्रणेने पंखा चालू असतानाच होते. त्यामुळे भार कमी झाल्यावर हवा झडपेने अडवून शक्ती वाया घालवावी लागत नाही.

आरंभण : केंद्रोत्सारी पंखा झडप मिटून सुरू करतात, कारण हवा वाहत नसताना तो सर्वांत कमी शक्ती घेतो. अक्षीय पंख्याचे वर्तन याच्या उलट आहे. मार्ग मिटलेला असताना तो प्रवाहभंगाच्या स्थितीत जातो आणि त्याची शक्ती उतरण्याऐवजी बहुधा वाढते. म्हणून तो मार्ग मोकळा ठेवून, आणि कोन चालत्या स्थितीत बदलण्याची सोय असल्यास पाती किमान कोनावर आणून, सुरू करतात. एका प्रकारच्या पंख्यावर हात बसलेल्या चालकाने तीच सवय दुसऱ्या प्रकारावर नेणे, हे बिघाडांचे जुने कारण आहे.

नव्या किंवा दुरुस्त केलेल्या पंख्याचे आरंभण वीज जोडण्याआधीच सुरू होते. दंतचक्रपेटीतील तेलाची पातळी पाहतात; पंखा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून प्रत्येक पात्याचे टोक आवरणापासून सारख्या अंतरावरून जाते की नाही हे तपासतात; आत राहिलेली हत्यारे, चिंध्या, फळ्या काढून घेतात. नंतर क्षणभर वीज देऊन फिरण्याची दिशा पाहतात. त्रिकला पुरवठ्याच्या दोन तारा उलट लागल्या, तर अक्षीय पंखा हवा उलट दिशेने ढकलू लागतो, त्यामुळे चूक लगेच कळते. केंद्रोत्सारी पंखा मात्र उलट फिरूनही हवा त्याच दिशेने, पण पुष्कळच कमी देतो आणि ही चूक कित्येक दिवस लक्षातही येत नाही.

मोठ्या पंख्याचे जडत्व फार असते. थेट जोडलेले चलित्र आरंभी पूर्ण भाराच्या सु. सहा-सात पट प्रवाह घेते आणि पंखा पूर्ण वेगाला येईपर्यंत तो टिकतो. स्टार-डेल्टा आरंभकाने हा प्रवाह एक-तृतीयांशावर येतो, पण पीळही तितकाच घटतो. वेग पुरेसा येण्याआधीच जोडणी बदलली, तर वाचविलेला धक्का अखेरीस बसतोच. पहिला प्रयत्न फसल्यास लगेच दुसरा, तिसरा करणे चलित्राला घातक असते. बहुतेक मोठ्या चलित्रांना थंड स्थितीत लागोपाठ दोन आणि तप्त स्थितीत एकच आरंभ करण्याची मुभा असते.

एकाच वाहिनीवर दोन पंखे असताना एक बंद ठेवला व त्याची झडप नीट मिटली नाही, तर चालू पंख्याची हवा त्याला उलट फिरवीत राहते. मनोऱ्यावर हेच काम वारा करतो. उलट फिरणाऱ्या पंख्याला वीज दिली की, चलित्राला आधी ती गती मोडावी लागते. त्यात जोडणी तुटते किंवा वेटोळी तापतात. म्हणून पंखा पूर्ण थांबला आहे हे डोळ्यांनी पाहूनच तो सुरू करतात आणि काही ठिकाणी उलट फिरणे रोखणारी खीळ बसवितात.

सुरक्षितता व कायदा : वाऱ्याने फिरणारा पंखा वीज तोडल्यावरही थांबत नाही. जोडारी मनोऱ्याच्या माथ्यावर, तुंब्याजवळ वाकलेला असतो आणि खालच्या आरंभकाजवळच्या माणसाला तो दिसत नाही. पंख्याच्या गर्जनेच्या जागी आलेली शांतता ही काम चालू असल्याची खूण आहे की बिघाडाची, हे खालून कळत नाही. पात्यांवरील कामातील अपघातांचा हा नेहमीचा आकृतिबंध आहे. त्यावरील उपायही दोनच आहेत : पंखा दोराने किंवा खिळीने बांधून ठेवणे आणि विजेच्या खटक्याला कुलूप लावून त्याची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असणे. नुसती ‘काम चालू आहे’ अशी पाटी पाळी बदलताना कोणीतरी काढून ठेवते, हा अनुभव कुलपाच्या बाजूने बोलतो.

कारखाना अधिनियम, १९४८ यामध्ये यंत्रांना कुंपण घालणे (कलम २१), चालू यंत्राजवळील काम खास प्रशिक्षित व घट्ट कपडे घातलेल्या कामगाराकडूनच करून घेणे (कलम २२) आणि वीज तोडण्याची साधने (कलम २४) यांविषयी तरतुदी होत्या. तथापि तोडलेली वीज चुकून पुन्हा जोडली जाण्याचा धोका मूळ कायद्यात स्पष्टपणे मांडलेला नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने कलम २४ मध्ये नवे पोटकलम घालण्यात आले. बंद स्थितीतून नकळत चालू स्थितीत सरकू शकणारे साधन असल्यास ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था त्याने आवश्यक ठरविली. कुलपाचा हा व्यवहार कायद्यात येण्यास २८ वर्षे लागली. दरम्यान १९६६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली होती आणि तिच्या स्थापनेचा ४ मार्च हा दिवस पुढे कारखान्यांतून सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

नंतरचा काळ : चाकण परिसरात मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले (फोक्सवागेन कंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले). मोटारींच्या रंगशाळेत हवा वरून खाली संथ व समान वाहावी लागते. पुरवठा आणि निष्कास यांच्या पंख्यांत थोडे असंतुलन झाले, तरी रंगाची वाफ बाहेर पसरते किंवा बाहेरची धूळ ओल्या रंगावर बसते. त्यामुळे अशा ठिकाणी पंखे सुरू करण्याचा क्रमच यंत्रणेत बांधून टाकलेला असतो. विजेची वारंवारता बदलून चलित्राचा वेग कमीजास्त करणारी इलेक्ट्रॉनीय साधने स्वस्त झाल्यावर ऋतूनुसार कोन बदलण्याची गरज बरीच घटली. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने थंडीत फेरे थोडे उतरवूनही मोठी बचत होते आणि आरंभीचा धक्का जवळजवळ नाहीसा होतो. कोन आता बहुधा उभारणीच्या वेळी एकदाच ठरतो.

मात्र या साधनांबरोबर एक नवी अडचण आली. पाण्याचे तापमान वाढताच पंखा आपोआप सुरू होतो. त्यामुळे थांबलेला पंखा बंद केलेला आहे की केवळ वाट पाहत आहे, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. नियंत्रण-कक्षातील पडद्यावर दिलेला ‘थांबा’ हा आदेश वीज तोडत नाही. म्हणून पात्यांजवळ जाण्यापूर्वी मुख्य खटका उघडून त्याला कुलूप घालणे, साधनातील साठविलेला विद्युत् भार ओसरण्यास निर्मात्याने सांगितलेली मिनिटे देणे आणि पंखा बांधणे हा क्रम या स्वयंचलित पंख्यांनाही लागू करण्यात येतो. चलित्राशेजारीच, माथ्यावरून हात पोचेल अशा जागी, कुलूप लावता येणारा वेगळा खटका बसविण्याची पद्धत यातूनच रूढ झाली.